केळीच्या पानाखालची पापलेटं

मामा गेल्याचं मला दीड महिन्याने कळलं. पालघरच्या बाजारात त्यांच्या पाड्यावरची एक बाई करवंदं घेऊन बसली होती. मी सहज चौकशी केली, तर द्रोण भरता भरता ती म्हणाली, "ते तर गेले ना. होळीच्या आधीच." आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, ही बातमी येईल तेव्हा मी रडेन. आली ती किळस. ही किळस माझ्या ओळखीची आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून ती माझ्यासोबत आहे, आणि आता मामा नाहीत म्हणून ती कमी होईल असं दिसत नाही. म्हणून हे सावकाश लिहिते आहे. घाईत लिहिलं तर मी पुन्हा स्वतःला सोडवून घेईन.

मामा आमच्या प्राणिशास्त्र विभागात शिपाई होते. प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळीच मुलं मामा म्हणतात, तसं आम्हीही म्हणत असू. ते पूर्वेकडच्या डोंगरातले, वारली. घरची थोडी वरकस जमीन, पाऊस पडला तर नाचणी. अकरा वर्षं ते हंगामी म्हणूनच काम करत होते आणि त्या वर्षी त्यांना कायम करायचं ठरलं होतं. अर्ज सरांनीच पुढे पाठवायचा होता. मामा हे कोणाला सांगत नसत, पण त्या वर्षी त्यांनी खाकी शर्टाला नवी बटणं लावली होती.

सर म्हणजे विभागप्रमुख. सत्तरचं दशक संपत आलं होतं, पालघरचं आमचं कॉलेज लहान होतं. ते आता नाही. शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्र घेतलेले आम्ही सहा जण होतो, आणि त्यांत मी पहिली येणार हे सरांनी आधीच जाहीर केलेलं होतं. मी माहीमची, मुंबईतलं नव्हे, पालघरजवळचं. आमचे पानमळे होते, आणि मळ्यांच्या पलीकडे बंदराकडे कोळीवाडा. त्यामुळे विच्छेदनासाठी मुशी, म्हणजे लहान शार्क, लागली, बरणीत ठेवायला कोलंबी लागली, की निरोप पोचवायचं काम माझ्याकडे असे. मला त्याचा अभिमान वाटे.

आणखी एका कामाचाही निरोप मीच देई, आणि त्याचाही मला तेव्हा अभिमानच वाटे. प्रॅक्टिकल परीक्षेला मुंबईहून बाहेरचे परीक्षक येत. दुपारचं जेवण त्यांचं सरांकडे, आणि जेवणात पापलेट. जाताना सोबत बांधून द्यायलाही पापलेट. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मार्चमध्ये सर वर्गात हसून म्हणत, "माहीमची मंडळी आहेत ना आपल्याकडे, मग काळजी नाही." सगळे हसत. मी मान खाली घालून हसे. त्या हसण्यात आमचे मार्क शिजत होते, हे आम्हां सहाही जणांना ठाऊक होतं, आणि एकालाही त्याची लाज वाटत नव्हती.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट हवी होती. ओळखण्यासाठी मांडून ठेवायच्या बरण्यांतली जुनी पापलेटं पिवळी पडून सुटायला आली होती. परीक्षकांच्या नजरेला ती नकोत, म्हणून सरांनी बरणीसाठी नवी मागवली. परीक्षेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मी कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या मावशीकडे गेले आणि दोन टोपल्या सांगितल्या. एक सरांच्या घरी, एक बरणीत ठेवायला. बरणीतली अगदी निर्दोष हवीत, एकाही पराला चीर नको, असं मी तिला बजावलं. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं.

मावशी जाळं आवरत होती. म्हणाली, "एक बरनीत बुरनार, एक सायबाच्या पोटात. मरन तं दोगांचा एकच गो पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पालघरच्या बाजारात आली आणि मामांनी तिच्याकडून टोपल्या आणल्या. दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. एका टोपलीवर केळीचं पान बांधलेलं, दुसरीवर जुन्या जाळ्याचा तुकडा. मामांना सरांनी स्टेशनवर पाठवलं होतं. परीक्षक परीक्षेच्या आदल्या दिवशीच येत, त्यांची बॅग विश्रामगृहावर पोचवायची होती. जाता जाता मामा मला म्हणाले, "ताई, पानाखालची ती सरांची. जाळीवाली आपली. तेवडी टोचून ठेवा, आल्यावर मी बरणीत भरतो."

टोचायची म्हणजे पोटात फॉर्मालिनचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे आतडी सडत नाहीत. हे काम एरवी मुलांना देत नसत, पण माझा हात स्थिर होता.

मी दोन्ही टोपल्या उघडल्या. पानाखालची पाच पापलेटं मोठी, चकचकीत, एकेक पर शाबूत. जाळीखालची लहान, त्यांतल्या दोनांच्या शेपट्या फाटलेल्या. मी मावशीला निर्दोष मासे बरणीसाठी सांगितले होते. मावशीने मात्र तिच्या शहाणपणाने चांगले ते पाहुण्याला आणि उरलेले काचेला असं वाटून ठेवलं होतं. तिच्या घरात कोणीही असंच केलं असतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या ध्यानात एवढंच आलं की मामांनी गोंधळ केला.

मी थांबून विचारू शकत होते. ते तासाभरात परत येणार होते. पण मला खात्री होती. प्राणिशास्त्र मला येत होतं, त्यांना येत नव्हतं. त्यांना काय कळतंय, असं मी तेव्हा शब्दांत म्हटलं नसेल, पण माझ्या हातांनी तेच म्हटलं. मी पानाखालची पाचही टोचली, पुसून परत टोपलीत ठेवली आणि वर पान बांधलं. मग एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ही बरणीसाठी, टोचली आहेत. जाळीची सरांकडे न्यावीत.' चिठ्ठी पानाच्या दोरीत खोचली आणि माहीमची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेआधी मामा माझ्या टेबलाशी आले. त्यांनी माझ्या जर्नलमध्ये एक कागद हळूच सरकवला.

"तुमचा अभ्यासाचा कागद टोपलीत पडलेला, ताई. भिजलेला. मी सुकवून ठेवला."

ती माझी चिठ्ठी होती.

तीन वर्षं मामा मला मागेन ती बाटली आणून देत होते. अॅसिड, अल्कोहोल, रंगद्रव्यं. कधी एक चूक नाही. ते बाटल्या आकारावरून, बुचावरून आणि फळीवरच्या जागेवरून ओळखत. त्यांना वाचता येत नाही, ही गोष्ट तीन वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती, कारण मी कधी त्यांच्याकडे तेवढं पाहिलंच नव्हतं.

मी विचारलं, टोपल्यांचं काय केलं. ते म्हणाले, "पानाखालची दिली ना काल सरांकडं. सरांच्या घरच्या बाई खूश झाल्या. विहिरीच्या पान्यात बर्फ घालून ठेवली."

तेव्हा नऊ वाजले होते. जेवण एक वाजता होतं. सरांचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर. इतकं सगळं मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्याच क्षणी सर परीक्षकांना घेऊन आत आले. परीक्षक ठेंगणे होते, इस्त्रीचा बुशशर्ट, बोटांत दोन अंगठ्या. त्यांनी आमचे नंबर पुकारले. माझा पहिला होता.

मी बसले. माझ्यासमोर मुशी पालथी होती, मला तिच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करून दाखवायच्या होत्या. त्या चार तासांत माझा हात एकदाही थरथरला नाही. मी स्वतःला सांगत होते की बाईंना वास येईलच, त्या टाकून देतील. सांगत होते की थोडंसं टोचलंय. सांगत होते की अजून वेळ आहे, अकरा वाजता उठून सांगेन. अकरा वाजले तेव्हा माझी पाचवी नस अर्धी सुटली होती आणि ती फार सुंदर दिसत होती. मी उठले नाही. चिठ्ठी मी मुशीच्या सोललेल्या कातडीबरोबर बादलीत टाकली.

जेवणाच्या सुट्टीनंतर परीक्षक परत आले ते तोंडावर रुमाल धरून. बाईंना साफ करतानाच डोळ्यांत चरचरलं होतं. मासा टणक लागत होता. पण पाहुणे पाटावर बसलेले, दुसरं काही घरात नाही, म्हणून त्यांनी जास्त चिंच आणि मसाला लावून तळलं. परीक्षकांनी मोठा घास घेतला, आणि मग मागच्या दारी ते किती वेळ ओकत होते, हे सरांच्या घरामागे राहणाऱ्या एका मुलाने आम्हांला रंगवून सांगितलं. बाईंच्या हातांना दोन दिवस खाज होती. दुसऱ्या कोणी खाल्लं नव्हतं, हा निव्वळ योगायोग. सर आधी पाहुण्यांचं होऊ दे म्हणून थांबले होते.

सरांनी मामांना आमच्यासमोर बोलावलं.

"कोणती टोपली आणायला सांगितली होती तुला?"

"पानाखालची, सर."

"मग त्यात विष कोणी घातलं?"

मामा म्हणाले, "मी नाय टोचली, सर."

"म्हणजे माशांनी आपली आपण टोचून घेतली."

वर्गात कोणीतरी हसलं. परीक्षकही रुमालाआडून हसले. सर मग बराच वेळ बोलले. डोंगरातून आणून माणसात बसवलं, अकरा वर्षं सांभाळलं, अजून टोपली कळत नाही, जात कुठे जाते. ते सगळं मला आठवतं, पण इथे लिहावंसं वाटत नाही. मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परवानगी मागतात तसं पाहिलं, म्हणजे 'मी सांगू की तुम्ही सांगता?' असं. मी जर्नलचं पान उलटलं. मग मामा म्हणाले, "माजी चूक झाली असंल," आणि बाहेर गेले.

दहा मिनिटांनी माझी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांचा खालचा ओठ लाल होऊन सुजला होता. त्यांना बहुधा विनोद करायचा होता. त्यांनी विचारलं, "फॉर्मालिनने माशाच्या मांसावर काय परिणाम होतो?" मी सांगितलं. प्रथिनं एकमेकांना बांधली जातात, मांस घट्ट होतं, कुजणं थांबतं. "उत्तम," ते म्हणाले. त्यांच्या तोंडाला अजून वास येत होता. मला तेव्हा त्यांची शिसारी आली. त्यांच्या अंगठ्यांची, त्या ओठाची, फुकटच्या माशाची. दुसऱ्यांची शिसारी येणं किती सोयीचं असतं, ते मी त्या दुपारी शिकले.

परीक्षा संपल्यावर, परीक्षक गेल्यावर, मी सरांना सगळं सांगितलं. धैर्य म्हणून सांगितलं असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. खरं म्हणजे मार्क देऊन झाले होते.

सर पान लावत होते. आमच्याच मळ्यातलं पान, मी नेऊन दिलेलं. त्यांनी वर न बघता म्हटलं, "मला माहीत आहे. मासे पुरताना मी पाहिले. एकेक भोक जिथल्या तिथे. मामाचा हात तसा नाही. तुझं टोचणं सुंदर आहे."

मी म्हटलं, मग मामांचं काय.

"त्याचं नाव सांगून झालंय. प्राचार्यांकडे कागद गेला. आता तुझं नाव घालून काय मिळणार? विभागाचीच नाचक्की." मग त्यांनी पान तोंडात घातलं. "जूनमध्ये डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघेल. मी तुझाच विचार केलाय. जा, घरी जा."

त्यांनी माझं कौतुक केलं याचा मला आनंद झाला होता. घृणा घरी पोचल्यावर आली. क्रम असा होता, आणि तो मी बदलू शकत नाही.

मामांचा अर्ज पुढे गेला नाही. एप्रिलपासून त्यांना कामावर घेतलं नाही. मेच्या अखेरीस कॉलेजच्या कारकुनाने सांगितलं की ते बोईसरला औद्योगिक वसाहतीत कुठेतरी रिकामी पिंपं धुतात आणि सालवडला राहतात. मी एका रविवारी गेले. चाळीत एका खोलीत पाच माणसं, चार हिंदी बोलणारी. मामा बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांच्या हातांची कातडी तळव्यापासून सुटून पांढरी लोंबत होती. मी पाहिलं हे पाहून त्यांनी हात मांडीखाली घेतले.

मी म्हटलं, "मामा, चूक माझी होती."

"ती मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमी मला नका सांगू. कागदावर लिहून द्या. मी नेतो मोठ्या सायबाकडं."

त्यांना माझं वाईट वाटून घेणं नको होतं. कागद हवा होता, आणि कागदावर ते परत कामाला लागू शकत होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आणते.

तो कागद मी घरी चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी तो अधिक चांगला झाला. पहिल्यात लिहिलं होतं की मामांनी मला सांगितलं आणि मी ऐकलं नाही. चौथ्यात लिहिलं होतं की दोन्ही टोपल्या सारख्या दिसत असल्याने गैरसमज झाला व त्यास कोणा एकास जबाबदार धरता येणार नाही. मला वाटलं, याने मामाही सुटतील आणि माझी जागाही जाणार नाही.

पुढच्या रविवारी सालवडला मामांनी तो कागद शेजारच्या बाईंकडे दिला. त्या साताऱ्याकडच्या, नवरा वीज प्रकल्पावर कामाला. दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मोठ्याने वाचला आणि विचारलं, "टोपल्या सारख्या व्हत्या व्हय, मामा?"

"नाय. एकीवर पान होतं. मी ताईंना सांगितलेलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शिकल्याली हायेस न्हवं तू? मग ह्ये काय लिवलंयस?" त्यांनी घरातून एक वही आणून मधलं पान फाडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "बस. जसं झालं तसं लिव्ह. मी हाय हितं."

मी लिहिलं. मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मी टोचली, सकाळी कळूनही गप्प राहिले. सही केली. पाच ओळींच्या वर गेलं नाही. बाईंनी वाचून दाखवलं. मामांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि मला पाणी आणून दिलं.

तीन दिवसांनी मला प्राचार्यांनी बोलावलं. खोलीत सर बसले होते. मामा दाराशी उभे होते, चपला बाहेर काढून. वहीचं पान टेबलावर होतं.

प्राचार्य वयस्कर होते, वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "हे अक्षर तुझं?"

मी हो म्हटलं.

"कुठे लिहिलंस?"

"सालवडला. मामांच्या इथे."

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाप्यांच्या खोलीत एकटी पोर. लिहिणार नाही तर काय करणार?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आपण होऊन लिहिलंस, का तुला लिहायला सांगितलं?"

उत्तर मला माहीत होतं, दोन्ही उत्तरं माहीत होती. मी म्हटलं, "लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं."

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मामांनी सांगितलं होतं, बाईंनी सांगितलं होतं. मी पुढे काहीतरी बोलणार होते, असं मला वाटतं. पण प्राचार्यांनी सुस्कारा टाकला आणि कागद फाईलमध्ये ठेवला. सरांनी मान हलवली, मायेने हलवतात तशी.

मामा म्हणाले, "तो कागद माजा हाय, सायेब."

"आता तो ऑफिसचा," प्राचार्य म्हणाले.

बाहेर पडल्यावर मामा चपला घालत होते. सोललेल्या बोटांनी पट्टा ओढता येत नव्हता. मी वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतला. मग ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आता येऊ नका सालवडला. त्या बाईला मी काय सांगू?"

त्यांची दुसरी पाळी होती. ते स्टेशनकडे चालू लागले. मी आत जाऊन कारकुनाकडून डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेचा फॉर्म घेतला.